मॉरिशसच्या धक्क्यावरचे दोन उतारू



कन्हानकाठी वसलेल्या या गावात समुद्रावर व्याख्यान ठेवणे काहीसे विचित्र वाटेल. पूर्वेला जा की पश्चिमेला जा, समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिला असेल तर मुंबईच्या चौपाटीवर किंवा जगन्नाथपुरीच्या यात्रेत. पण गेल्या काही वर्षांत हा समुद्र आपल्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. वर्तमानपत्र उघडावे तो सहलकंपनीची जाहिरात: पांढरीशुभ्र बोट, निळे पाणी, माडाची सावली आणि वाळूवर मांडलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या. सकाळी बोट बेटाला लागते, उतारू दिवसभर किनाऱ्यावर मौज करतात आणि दिवेलागणीला बोटीवर परततात. पूर्वी हे सुख साहेबलोकांचे होते. आता नागपूर-कामठीची मध्यमवर्गीय माणसेही त्याचा हिशेब मांडू लागली आहेत. त्यात वाईट काहीच नाही. जन्मभर खपलेल्या माणसाने चार दिवस वाळूत पाय पसरावेत, याला मजूर चळवळीतला माणूस तरी विरोध कसा करील? पगारी रजेसाठी आम्हीच तर भांडलो.

मात्र या चळवळीत तीस वर्षे काढल्यावर एक खोड जडते. कोणतीही सुंदर वस्तू पुढे आली की आधी मनात येते, ही घडवली कोणी आणि त्याच्या पदरात काय पडले? माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. त्या वाचनात एक बेट मला पुन्हा पुन्हा भेटत राहिले. ते बेट मॉरिशस. जाहिरातीत ते असते आणि मजुरांच्या इतिहासातही ते असते. मात्र दोन्हीकडचे चित्र इतके निराळे की ही दोन बेटे असावीत अशी शंका यावी.

आज मी त्या बेटाच्या पोर्ट लुई या बंदराची हकीकत सांगणार आहे. दोनशे वर्षांत त्या धक्क्यावर दोन प्रकारचे उतारू उतरले. पहिले, बोट थांबली म्हणून चार दिवस जमिनीवर आलेले. दुसरे, पाच वर्षांच्या करारावर निशाणी करून आलेले. पहिल्यांनी बेटाची वर्णने लिहिली. दुसऱ्यांनी बेट उभे केले. या दुसऱ्यांमध्ये आपली मराठी माणसे होती. त्यांना बांधून ठेवणारी जी साधने होती, ती अजून जगातून गेलेली नाहीत. ती उसाच्या मळ्यातून निघून बोटीच्या तळमजल्यापर्यंत आली आहेत, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. मुंबईपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटर दक्षिणेकडे, हिंदी महासागरात हे बेट आहे. आकाराने आपल्या नागपूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढे. मुळात तिथे मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच आले. त्यांनी १६३९ मध्ये ऊस आणला, डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला, आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांचा गव्हर्नर ला बूर्दोने याने १७३५ पासून पोर्ट लुईचे बंदर बांधून काढले, ते मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या गुलामांच्या हातून. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. तोपर्यंत युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत, आणि पाणी, भाजीपाला, डागडुजी यांसाठी पोर्ट लुईला थांबणे त्यांना सोयीचे पडे. म्हणजे हे बेट जगाला प्रथम कळले ते एक थांबा म्हणूनच.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम वाटण्यात आली. ती कोणाला मिळाली असेल? गुलामांना नव्हे, मालकांना. ज्याची माणसे सुटली त्याचे नुकसान झाले, असा तो न्याय. सुटलेल्या माणसांना आणखी काही वर्षे 'उमेदवार' या नावाखाली त्याच मळ्यात राबवले गेले. १८३९ मध्ये तेही बंधन सुटले, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली आणि डोंगरउतारावर किंवा समुद्रकाठी झोपड्या बांधल्या. मालकांना हे आधीच दिसत होते. साखरेला तर इंग्लंडात भाव होता. मग हात कुठून आणायचे? त्यांनी हिंदुस्थानकडे बोट दाखवले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला आले. त्यात ३६ मजूर होते, छोटा नागपूरकडच्या डोंगराळ मुलखातले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. इंग्रजीत कराराला जो शब्द आहे त्याचे आपल्या माणसांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते करणारा गिरमिट्या झाला. त्या छत्तीस माणसांच्या मागून १९१० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसे त्या धक्क्यावर उतरली. त्यांतली साधारण एक तृतीयांश परत आली; बाकीची तिथल्याच मातीत मिसळली.

'ॲटलास' येऊन दीड वर्ष होते न होते तोच, १८३६ च्या एप्रिलअखेर, 'बीगल' हे जहाज त्याच बंदरात थांबले. त्यावर चार्ल्स डार्विन हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. आठ-दहा दिवस तो बेटावर हिंडला. डोंगर, झाडे, प्रवाळ यांविषयी त्याने लिहिले, आणि आणखी एक गोष्ट टिपली. रस्त्यांवर हिंदुस्थानी कैदी काम करीत होते, सुमारे आठशे. १८१५ पासून बंगाल आणि पुढे मुंबई इलाख्यातून जन्मठेपेचे कैदी तिथे पाठवले जात. त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे डार्विनला नवल वाटले. आपल्याकडची माणसे अशी असतात हे आपल्याला ठाऊकच नव्हते, अशा अर्थाचे तो लिहितो. मला या नोंदीचे मोल वाटते. थांब्यावर उतरलेल्या माणसाने डोळे उघडे ठेवले तर त्याला रस्त्याबरोबर रस्ता करणाराही दिसू शकतो, याचा हा पुरावा आहे.

आता दुसऱ्या उताऱ्याबरोबर चालू. पोर्ट लुईच्या बंदराला लागून १८४९ पासून मजूर उतरवण्याचे ठाणे बांधले गेले. त्याला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. धक्क्यावरून वर चढायला काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. मजूर त्या चढून वर येई, त्याची नोंद होई, त्याला क्रमांक मिळे आणि कोणत्या मळ्यात जायचे ते ठरे. त्या ठाण्याचा मोठा भाग पुढे रस्त्याखाली गेला. उरलेल्या थोड्याशा अवशेषांना २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जगातल्या इतर वारशांत राजवाडे आहेत, देवळे आहेत, किल्ले आहेत. मजुरांची हजेरी घेण्याची जागा वारसा ठरावी, याचे मला विशेष वाटते.

मळ्यातले कायदे कसे होते ते सांगितल्याशिवाय या पायऱ्यांचा अर्थ कळणार नाही. त्यांतला एक तिथे 'डबल कट' या नावाने कुप्रसिद्ध होता. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापायचा. महिन्यात दहा दिवस तापाने आडवा पडला तर वीस दिवसांचा रोज गेला. कामाचा महिना जवळजवळ कोरडाच. आपल्या गावातल्या विडीवाल्या भगिनींना हे समजावून सांगावे लागणार नाही. हजार विड्या वळून न्याव्यात आणि सट्टेदाराने त्यांतून मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढाव्यात. त्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. एका कामाचे नुकसान दोनदा सोसायचे, ही युक्ती मॉरिशसची आणि कामठीची सारखीच. आपल्याकडे १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात छाटीच्या तंट्याचा निवाडा करण्याची सोय झाली. पण त्याआधी, १९३० नंतरच्या काळात, याच गावच्या बाबू हरदासांनी विडी कामगारांना एकत्र आणले होते. कायदा नंतर आला, माणसे आधी जमली. हा क्रम लक्षात ठेवावा.

दुसरे बंधन परवान्याचे. पाच वर्षांचे गिरमिट संपले तरी माणूस मोकळा नव्हता. १८६७ च्या कायद्याने त्याने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगायचा, त्याचे पैसे त्यानेच भरायचे, आणि तो घरी विसरला तर भटक्या ठरून तुरुंगात जायचे. ती छायाचित्रे आणि नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. ज्या कागदांनी माणसांना जखडले, त्याच कागदांवरून त्यांचे पणतू-खापरपणतू आज आपल्या मूळ गावाचे नाव शोधून काढतात.

आणि आता जाहिरातीतल्या किनाऱ्याकडे येऊ. मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात गॅब्रिएल नावाचे एक चिमुकले बेट आहे. शिडाच्या सहलबोटीतून उतारूंना सकाळी तिथे नेतात. पांढरी वाळू, उथळ हिरवे पाणी, दुपारी भाजलेले मासे, चार वाजता परत. मॉरिशसला गेलेले पुष्कळ जण तिथे जाऊन येतात आणि तिथली छायाचित्रे आपल्याला दाखवतात. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून मजुरांची दोन जहाजे आली, त्यांच्यावर पटकीची लागण होती. पोर्ट लुईत दोनच वर्षांपूर्वी पटकीने हाहाकार माजवला होता, त्यामुळे शहर घाबरलेले. जहाजांतली माणसे बंदरात न उतरवता गॅब्रिएल बेटावर नेऊन सोडली. निवारा अपुरा, पाणी अपुरे, औषधपाणी अपुरे. शेकडो माणसे त्या वाळूवर मेली. बातमी हिंदुस्थानात पोचल्यावर सरकारला काही काळ मॉरिशसकडची मजूरभरती थांबवावी लागली. म्हणजे हा प्रकार त्या वेळच्या सरकारलाही सहन झाला नाही.

हे सांगून कोणाच्या सहलीवर विरजण घालावे असा हेतू नाही. आपल्या नदीच्या घाटावरही माणसे गेली, आणि तिथेच पोरे पोहतात. पाणी सर्वांना सामावून घेते. पण ज्या जागी शेकडो माणसे तहानेने आणि तापाने गेली ती जागा पाहताना, निदान एवढे ठाऊक असावे.

आता आपल्या माणसांविषयी. १८३८ च्या सुमारास गिरमिटाच्या छळाचा बोभाटा होऊन भरती बंद पडली होती. १८४२ मध्ये ती पुन्हा उघडली, ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर, ठाणे या भागांतली माणसे होती. कोकणातली जमीन खडकाळ, खोती कुळांच्या मानेवर बसलेली. तो माणूस मुंबईच्या गिरणीत जाऊ लागण्याच्या आधीच मॉरिशसच्या मळ्यात गेला होता. एकूण मजुरांत त्यांचा वाटा लहान होता, तरी ती पश्चिमेकडच्या किनारपट्टीला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि व्हाकोआच्या आसपास एकत्र राहिली, म्हणून टिकली. बाहेर बोलायला क्रिओल, घरात देवापुढे मराठी. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून आजही नाचतात. कास्काव्हेल नावाच्या गावी १८९६ मध्ये भिवाजी घराण्याने गणेशोत्सवाला आरंभ केला, असे तिथे मानतात. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाला चालना दिल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत! आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते, आणि विसर्जनाची मिरवणूक नदीवर किंवा समुद्राच्या वाळूवर जाते.

त्याच १८९६ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन कलकत्त्याहून आफ्रिकेकडे जाताना पोर्ट लुईला उतरला आणि दोन आठवडे राहिला. देवाने आधी मॉरिशस निर्माण केले आणि त्याची नक्कल करून स्वर्ग केला, या अर्थाचे एक वाक्य त्याच्या पुस्तकात आहे. सहलीच्या पत्रकांत ते त्याचे स्वतःचे मत म्हणून छापतात. मूळ पाहिले तर, बेटावरचा एक रहिवासी असे सांगतो, एवढेच तो म्हणतो. आणि लगेच दुसरा रहिवासी ही अतिशयोक्ती आहे असे म्हणतो, हेही नोंदवतो. पत्रक छापणाऱ्यांनी पहिला साक्षीदार ठेवला, दुसरा गाळला. कोर्टात असे चालले नसते.

थांबलेल्या बोटीवरून उतरून बेटाला खरोखर काही देऊन गेलेला एक उतारूही सांगतो. १९०१ च्या ३० ऑक्टोबरला 'नौशेरा' बोट दक्षिण आफ्रिकेहून मुंबईकडे जाताना पोर्ट लुईला लागली आणि १९ नोव्हेंबरपर्यंत थांबली. तीत बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. एक रात्र ते गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांचे पाहुणे झाले. उरलेल्या दिवसांत हिंदी वस्तीत हिंडले, सभांना गेले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या लोकांना सांगितले. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील मॉरिशसला गेले. मजुरांचे खटले त्यांनी चालवले, १९०९ मध्ये 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले आणि त्याच वर्षी आलेल्या शाही आयोगापुढे मजुरांची बाजू मांडली. गिरमिटाची भरती १९१० मध्ये संपली.

पण श्रेय एकट्या वकिलांना देऊन आपण मोकळे होऊ नये. १८७१ मध्येच आडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका मळेवाल्याच्या मदतीने ९४०१ मजुरांनी सरकारकडे अर्ज केला होता. परवाना, मारहाण, पगारकपात, सगळे त्यात होते. अर्जावर निशाणी करायला मळा सोडून जावे लागे आणि मळा सोडला की तुरुंग, हे ठाऊक असताना साडेनऊ हजार माणसांनी निशाणी केली! मळेवाल्यांनी प्लेव्हिट्झला बेटाबाहेर घालवा अशी मागणी केली. तरीही १८७२ मध्ये फ्रिअर आणि विल्यमसन यांचा आयोग आला, आणि १८७५ च्या त्याच्या अहवालाने मजुरांचे म्हणणे बहुतांशी खरे ठरवले.

विसाव्या शतकातही हेच चालले. १९३७ च्या ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथील मळ्यात ऊसकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर संघटनेचा कायदा झाला. १९३८ च्या सप्टेंबरात पोर्ट लुईच्या गोदी कामगारांनी संप केला. हेच ते बंदर, ज्याचे इतके कौतुक. सरकारने आणीबाणी पुकारली आणि मजूर पक्षाचे पुढारी एमान्युएल आंकेतिल यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हॅरेल येथे पोलिसांच्या गोळीबारात चौघे गेले. त्यांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर बाई होती. आज तिथल्या एका मोठ्या क्रीडांगणाला तिचे नाव आहे. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. तारीख गांधींच्या दांडीयात्रेची निवडली.

स्वातंत्र्यानंतर साखरेच्या जोडीला कापडगिरण्या आल्या आणि मग प्रवासी आले. २०१८ मध्ये सुमारे चौदा लाख पाहुणे त्या देशात आले. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त! बहुतेक विमानाने येतात, पण नोव्हेंबर ते एप्रिलच्या हंगामात सहलीच्या मोठ्या बोटीही पोर्ट लुईला एक-दोन दिवस थांबतात. उतारूंना बसमधून फ्लिक-आं-फ्लाक, ल मोर्न, ग्रां बे अशा किनाऱ्यांवर नेतात. ल मोर्नचा डोंगर हा मळ्यातून पळालेल्या गुलामांचा आसरा. २००८ मध्ये तोही जागतिक वारसा झाला. त्याच्या पायथ्याच्या वाळूवर हॉटेले आहेत.

या वाळूवर मालकी कोणाची? १८०७ मध्ये फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने ठरवले की किनाऱ्यापासून पन्नास पावले, आजच्या मापाने ८१ मीटरांहून थोडी अधिक पट्टी, सरकारची राहील. हेतू तोफा बसवण्याचा होता. इंग्रजांनी १८९५ च्या कायद्यात ती तरतूद चालू ठेवली. ही पट्टी विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. आणि भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची. शत्रूसाठी राखलेली जागा अशी जनतेच्या कामी आली. पण भाडेपट्टे हॉटेलांना मिळत गेले, कुंपणे पुढे सरकत गेली, तशी आमचा किनारा आम्हाला ठेवा म्हणून तिथल्या लोकांना रस्त्यावर यावे लागले. सुटीच्या दिवशी मळ्यातला, गिरणीतला माणूस पोराबाळांसह भाकरी बांधून जातो, ती हीच वाळू. गणपती जातो, तोही इथेच.

जगात इतरत्र याहून पुढची पायरी गाठली गेली आहे. केवळ मौजेसाठी बोट फिरवण्याचा धंदा १८९१ मध्ये एका जर्मन कंपनीने हिवाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या बोटींना काम म्हणून काढला. पुढे १९७७ मध्ये एका सहलकंपनीने बहामातले एक बेटच विकत घेतले. दुसरीने १९८६ च्या सुमारास हैती देशाचा एक किनारा भाडेपट्ट्याने घेऊन त्याला कुंपण घातले. २०१० च्या जानेवारीत हैतीत भयंकर भूकंप झाला, लाखांनी माणसे मेली. तीनच दिवसांनी कंपनीची बोट त्या किनाऱ्याला लागली. तिने मदतीचे सामानही आणले, हे खरे. आणि कुंपणाच्या आत उतारू पोहायला उतरले, हेही खरे. पोर्ट लुईत बोटीवरून उतरणाऱ्याला निदान शहर ओलांडून जावे लागते. हे मी मॉरिशसचे भाग्य समजतो.

आता बोटीवरच्या माणसांकडे वळतो, कारण तिथे आपला आजचा संबंध आहे. पी. अँड ओ.सारख्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर एकोणिसाव्या शतकापासून डेकवर कोकणातले खलाशी आणि जेवणघरात गोव्याची माणसे असत. युरोपियन खलाशापेक्षा त्यांचा पगार कितीतरी कमी, करारही निराळा. बोट मिळेपर्यंत गोव्याची माणसे मुंबईत धोबीतलावाच्या आसपास 'कुडां'मध्ये, म्हणजे गावकीच्या खोल्यांमध्ये, दिवस काढीत. आजही सहलीच्या बोटींवर हजारो भारतीय तरुण चादरी बदलतात, भांडी घासतात, ताटे वाढतात. उतारू किनाऱ्यावर गेले की त्यांच्या खोल्या आवरण्याची घाई सुरू होते; बेट त्यांना गोल खिडकीतून दिसते. सहा-नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुटी नाही. बोट एका देशाच्या कंपनीची, झेंडा पनामाचा किंवा बहामाचा, काम करणारा भारताचा. तंटा झाला तर कोणत्या देशाचा कायदा लागू, हेच आधी भांडायचे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ या उसन्या झेंड्यांविरुद्ध १९४८ पासून लढतो आहे.

मी याला गिरमिट म्हणणार नाही. ही मुले राजीखुशीने जातात, आणि पगार बहुधा इथल्यापेक्षा बरा असतो. शिवाय २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, ही त्यातली अट. दहा तास विश्रांती म्हणजे चौदा तास कामाला वाव. तरी आकडा कागदावर आला, ही मोठी गोष्ट. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, ही दुसरी अट.

ही दुसरी अट आपल्या गावात कोणाला ठाऊक नसते. काही वर्षांपूर्वी एक बाई आमच्या कचेरीत आल्या. मुलाने हॉटेलकामाचे शिक्षण घेतलेले. बोटीवर नोकरी लावतो म्हणून एका दलालाने त्यांच्याकडून दागिने मोडून पैसे घेतले होते. पावती नाही, नेमणुकीच्या कागदावर बोटीचे नावही नाही. अर्धी रक्कम परत मिळवायला आम्हाला आठ महिने लागले. उचल घेऊन मजूर गोळा करणारा कलकत्त्याचा दलाल आणि हा दलाल यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, जात एकच.

माणूस समुद्रात अडकला की काय होते ते २०२० मध्ये जगाने पाहिले. साथीमुळे सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले. त्याच वर्षी २५ जुलैला 'वाकाशियो' नावाची मालवाहू बोट मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतली. मालक जपानी, झेंडा पनामाचा, कप्तान भारतीय. मोबाइलचा संदेश मिळावा म्हणून बोट किनाऱ्याजवळ नेली होती, असे चौकशीत पुढे आले. कप्तानाला शिक्षा झाली. चूक होती, शिक्षा योग्यच. पण घरच्यांचा आवाज ऐकायला माणसे प्रवाळाच्या तोंडी जातात, त्याचे कारणही चौकशीचा विषय असायला हवे होते. सुमारे हजार टन तेल पाण्यात मिसळले. तेव्हा मॉरिशसचे हजारो लोक आपण होऊन किनाऱ्यावर धावले आणि उसाचे पाचट कापडात भरून, शिवून, त्याचे तरंगते बांध त्यांनी समुद्रात सोडले. ज्या उसाने त्यांच्या पूर्वजांना तिथे आणले, त्याच उसाच्या पाचटाने नातवंडांनी किनारा राखला.

आपले गावही १८२१ मध्ये पलटणीचा मुक्काम म्हणूनच वसले. पलटणीबरोबर दक्षिणेकडची माणसे आली, उत्तरेकडून विणकर आले, आणि मुक्कामाचे गाव झाले. त्यामुळे कामासाठी आलेली माणसे जागा कशी आपली करतात, हे कामठीकरांना निराळे सांगायला नको. माझी दोनच मागणी आहेत. मॉरिशसला जाल तेव्हा जरूर जा, वाळूत बसा. पण किनाऱ्याच्या बसमध्ये चढण्याआधी बंदराला लागून असलेल्या त्या सोळा पायऱ्या पाहून या. आणि गावातला मुलगा बोटीवर निघाला, तर त्याच्या आईवडिलांना एवढे सांगा: दलालाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते पाहा, नोकरीसाठी पैसे देऊ नका, आणि करारावर सही करण्याआधी तो कोणाकडून तरी वाचून घ्या. त्या साडेनऊ हजार माणसांना आपला करार वाचता येत नव्हता. आपल्याला येतो.